अपात्रांची बेकरी

लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेला, नदीपलीकडे, बॉईल हाइट्स नावाची जुनी वस्ती आहे. १९८६ मध्ये तिथल्या डोलोरेस मिशन चर्चचे प्रमुख म्हणून ग्रेगरी बॉईल हे जेझुइट पाद्री रुजू झाले. वय बत्तीस. (आडनावाचा वस्तीशी काही संबंध नाही, वस्तीला नाव मिळाले ते एकोणिसाव्या शतकात तिथे द्राक्षमळे लावणाऱ्या अँड्र्यू बॉईल या आयरिश माणसामुळे.) धर्मप्रांतातले हे सर्वांत गरीब चर्च. त्याच्या हद्दीत पिको गार्डन्स आणि अलिसो व्हिलेज या सरकारी वसाहती, बहुतेक कुटुंबे मेक्सिकन वंशाची, आणि एवढ्याशा जागेत आठ टोळ्या. कोणत्या गल्लीत कोणी पाऊल ठेवायचे नाही, हे शाळकरी पोरालाही पाठ असे.

१९८८ मध्ये फादर बॉईल यांनी टोळीयुद्धात मारल्या गेलेल्या मुलाचा पहिला अंत्यविधी केला. पुढे हा आकडा दोनशेच्या वर गेला. ज्याला मातीत ठेवायचे तो मुलगा त्यांच्या ओळखीचा असे, आणि पुष्कळदा ज्याने गोळी झाडली तोही. बालसुधारगृहांत आणि तुरुंगांत मिस्सा अर्पण करायला ते नेमाने जात, तेव्हा तो दुसरा मुलगा समोर बसलेला असे. एकाच माणसाने या दोन्ही ठिकाणी उभे राहावे का, राहिलाच तर कोणत्या अधिकाराने, हा प्रश्न पोलीस खात्याच्या कामाचा नाही. तो धर्माचा आहे. मेलेल्या मुलाच्या आईने तो विचारला तर उत्तर देणे फार कठीण आहे.

टोळ्यांचे करायचे काय, यावर पोलिसांचे उत्तर तयार होते. ‘ऑपरेशन हॅमर’ या नावाने चाललेल्या मोहिमेत एप्रिल १९८८ च्या एकाच शनिवार-रविवारी हजारभर पोलीस दक्षिण लॉस एंजेलिसमध्ये उतरले आणि त्यांनी चौदाशेहून अधिक लोकांना पकडले. त्यांतले बहुतेक जण गुन्हा दाखल न होताच सुटले. चार वर्षांनी, १९९२ मध्ये, शहरात १,०९२ खून झाले.

त्या काळात फादर बॉईल सायकलवरून रात्री-बेरात्री वसाहतीत फिरत आणि टोळ्यांमध्ये तह घडवून आणत. या टोळीचा निरोप त्या टोळीकडे, त्या टोळीचा या टोळीकडे. काही वर्षांनी त्यांनी हे बंद केले. तहाची बोलणी केली की टोळीला मान्यता मिळते, तिचा म्होरक्या वाटाघाटीचा पुढारी ठरतो, टोळीत प्राण फुंकला जातो, हे त्यांच्या लक्षात आले. यापुढे टोळीशी व्यवहार नाही. टोळीतल्या एकेका मुलाशी, तोही स्वतःच्या पायाने दारात आला तर. हा फरक बारीक वाटतो, पण पुढचे सगळे काम त्यावर उभे राहिले.

शाळांनी काढून टाकलेल्या मुलांसाठी चर्चच्या कॉन्व्हेंटमध्ये शाळा सुरू झाली. मग नोकऱ्या शोधणे आले. टोळीतल्या पोराला नोकरी देणारे फारसे कोणी मिळेना, तेव्हा नोकरीच निर्माण करायचे ठरले. १९९२ मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण केल्याच्या खटल्यातून पोलिसांची सुटका झाल्यावर शहर पेटले. त्यानंतर रे स्टार्क या चित्रपट-निर्मात्याने पैसे दिले आणि चर्चजवळची एक जुनी बेकरी विकत घेण्यात आली. तिचे नाव ‘होमबॉय बेकरी’. काल ज्याच्यावर नेम धरला त्याच्या शेजारी उभे राहून पहाटे पाव भाजायचा, ही तिथली अट. सुरुवातीला एकमेकांशी शब्दही न बोलता पोरे काम करत. मालाला मात्र त्यांच्या वैराचे काही घेणे नव्हते. पाव वेळेवर फुगायचा आणि वेळेवर भट्टीत जायचा, एवढेच.

यातून वाढलेली ‘होमबॉय इंडस्ट्रीज’ ही संस्था आज टोळीतून बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी चालणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या संस्थांत मोजली जाते. अठरा महिन्यांचे पगारी प्रशिक्षण, समुपदेशन, वकिली मदत, आणि कपाळा-गळ्यावरची टोळीची गोंदणे लेझरने काढून देणारे डॉक्टर. बेकरीशेजारी कॅफे आहे, तो बायका चालवतात. गोळी अडवायला नोकरीसारखे दुसरे काही नाही, असे या संस्थेचे बनियनवर छापलेले जुने घोषवाक्य. २०२४ मध्ये फादर बॉईल यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. सुरुवातीच्या वर्षांत त्यांना येणाऱ्या टपालात धमक्याच जास्त असत, हे त्या समारंभाची छायाचित्रे पाहताना ध्यानात ठेवलेले बरे.

त्या धमक्या देणारे सगळे निर्दय होते, असे मानणे सोपे आहे आणि चूक आहे. त्यांच्या रागात एक प्रामाणिक तक्रार होती. त्याच वसाहतीत दुसराही एक मुलगा राहत होता, ज्याने कधी पिस्तूल हातात घेतले नाही, आईला त्रास दिला नाही, आणि ज्याला बारावीनंतर काम मिळत नव्हते. त्याच्यासाठी बेकरी कोणी उघडली?

ल्यूकच्या शुभवर्तमानात येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला आहे. वाटणी मागून घेऊन धाकटा घर सोडतो, सगळे उडवतो, डुकरे राखायची वेळ येते तेव्हा परततो, आणि बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, त्याच्यासाठी पोसलेले वासरू कापतो. प्रवचनांत दाखला बहुधा इथेच संपतो. मूळ गोष्ट पुढे जाते. थोरला शेतावरून येतो, नाचगाण्याचा आवाज ऐकतो आणि घरात पाऊल टाकायला नकार देतो. इतकी वर्षे राबलो, माझ्यासाठी एक करडूही कापले नाही, ही त्याची तक्रार. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे येशू सांगत नाही. दोन हजार वर्षे भाष्यकार थोरल्याला कोत्या मनाचा ठरवत आले आहेत. पण त्याचा हिशेब बिनचूक आहे, आणि ज्या समाजात घरात एकच वासरू असते तिथे तर तो अधिकच बिनचूक आहे.

आपल्याकडे हाच हिशेब ‘सत्पात्री दान’ या नावाने रुजला आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात योग्य स्थळी, योग्य वेळी, योग्य माणसाला दिलेले दान सात्त्विक ठरवले आहे. अपात्राला दिलेले तामस. व्यवहाराला धरून हे शहाणपणाचेच आहे. देणाऱ्याजवळ थोडके असते, ते वाया जाऊ नये. पण याच गीतेवरचे भाष्य संपवताना ज्ञानदेवांनी पसायदानात जे मागितले, ते मागणे वेगळ्या वळणाचे आहे. दुर्जनांचा नाश त्यांनी मागितला नाही. त्यांच्यातला वाकडेपणा तेवढा गळावा, सत्कर्माची आवड त्यांच्यात वाढावी आणि मग जीवांचे एकमेकांशी मैत्र जडावे, असे मागितले. ऐकणाऱ्याच्या मनात एक क्रम तयार होतो: आधी वाकडेपणा जाईल, शेवटी मैत्री येईल. क्रमाचा आग्रह ज्ञानदेवांचा असेलच असे नाही. पण समाज तो धरून बसतो. आधी सुधार, मग जवळ ये.

बॉईल हाइट्समध्ये हा क्रम उलटा केला गेला. मैत्र आधी, वाकडेपणा गळाला तर त्यातून गळेल. फादर बॉईल यांच्या लेखी समोरचा मुलगा दुरुस्त करायची वस्तू नाहीच. ईश्वराला तो आहे तसा प्रिय आहे, आणि हे त्याला कधी कोणी जाणवू दिलेले नाही, एवढाच बिघाड. आशा असलेला मुलगा टोळीत जात नाही, असे ते सांगत आले आहेत. टोळीकडे जाणारा काही मिळवायला जात नसतो, तो कशापासून तरी पळत असतो.

हे बाहेरून आलेल्या पाद्र्याने म्हणणे एक, आणि वसाहतीतल्या बायकांनी म्हणणे दुसरे. डोलोरेस मिशनच्या बायका छोट्या गटांत जमून शुभवर्तमान वाचत. त्यांनी शांतता समिती काढली, रात्री टोळ्यांच्या हद्दीतून एकत्र चालत गेल्या, रस्त्यावर चूल मांडून पोरांना जेवू घातले आणि पोलीस पोरांना मारहाण करत तेव्हा पोलिसांच्याही आडव्या आल्या. त्यांतल्या कुणाचा मुलगा मारला गेला होता, कुणाचा मारणाऱ्यांत होता, आणि काही घरांत दोन्ही होते. ‘आमची मुले’ म्हणताना त्या दोन्ही बाजूंची मुले धरत. क्षमा करण्याचा अधिकार कुणाचा, या प्रश्नाला तत्त्वज्ञानात एक सरळ उत्तर आहे: ज्याचे नुकसान झाले त्याचाच. त्या उत्तराने पाहिले तर फादर बॉईल यांच्याकडे तो अधिकार नव्हता. या बायकांकडे होता. त्यांनी तो वापरला नसता तर बेकरी एक महिनाही टिकली नसती, असे मानायला हरकत नाही.

चंबळच्या खोऱ्यात १९६० च्या मे महिन्यात विनोबांपुढे वीसेक दरोडेखोरांनी बंदुका ठेवल्या, तेव्हा हाच वाद भारतात झाला होता. विनोबांच्या पदयात्रेचे देशभर कौतुक होत असताना मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख के. एफ. रुस्तमजी यांनी जाहीरपणे नाराजी नोंदवली. दरोडेखोरांना असे डोक्यावर घेतले तर जिवावर उदार होऊन त्यांच्याशी लढलेल्या शिपायांचे काय आणि लुटल्या गेलेल्या गावांचे काय, असा त्यांचा सवाल होता. विनोबांचा भरवसा माणसाच्या आत झोपलेल्या चांगुलपणावर. रुस्तमजींची नजर प्रेतांवर. दोघेही करुणेने बोलत होते, फक्त दोघांची माणसे वेगळी होती. आपल्या चरित्रग्रंथांत विनोबांची बाजू भरभरून येते, रुस्तमजींची एका ओळीत, आलीच तर. हे बरे नाही.

त्याहून अडचणीचा प्रश्न पुढे आहे. समजा, पात्रतेचा वाद मिटला आणि प्रत्येक मुलाला मायेचा माणूस मिळावा हे मान्य झाले. मायेचा उपयोग होतो का?

हार्वर्डमध्ये वैद्यक आणि नीतिशास्त्र दोन्ही शिकवलेले डॉ. रिचर्ड कॅबट यांनी १९३५ मध्ये हे तपासायचे ठरवले. बोस्टनजवळच्या केंब्रिज आणि सोमरव्हिल इथल्या कामगार वस्त्यांतली ५०६ मुले निवडली, त्यांच्या सारख्या वयाच्या, सारख्या घरच्या, सारख्या स्वभावाच्या २५३ जोड्या लावल्या आणि जोडीतल्या कोणाला मदत मिळणार हे नाणे उडवून ठरवले. १९३९ पासून सरासरी साडेपाच वर्षे समुपदेशक या मुलांच्या घरी महिन्यातून साधारण दोनदा जात राहिले. अभ्यास घेतला, डॉक्टरकडे नेले, खेळायला नेले, उन्हाळी शिबिरांना पाठवले. जोडीतल्या दुसऱ्या मुलाला यातले काही मिळाले नाही. कॅबट स्वतः १९३९ मध्येच वारले, तेव्हा निकाल पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

निकाल तीस वर्षांनी जोन मॅक्कॉर्ड या संशोधक बाईंनी काढला. मुले तोवर मध्यमवयाची झाली होती. मदत मिळालेल्यांपैकी दोन-तृतीयांश लोकांनी सांगितले की त्या काळाचा आपल्याला फायदा झाला. समुपदेशकांची नावे अनेकांना आठवत होती. नोंदी मात्र दुसरेच सांगत होत्या. मदत मिळालेल्या गटात दुसऱ्यांदा गुन्हा करणारे जास्त, दारूच्या आहारी गेलेले जास्त, गंभीर मानसिक आजार असलेले जास्त, लवकर मेलेले जास्त. मॅक्कॉर्ड यांनी हे १९७८ मध्ये प्रसिद्ध केले तेव्हा समाजसेवेच्या क्षेत्रात त्यांचे कौतुक झाले नाही, हे सांगायला नको. पुढच्या विश्लेषणात सर्वाधिक नुकसान उन्हाळी शिबिरांना वारंवार गेलेल्यांचे झालेले दिसले. तशीच व्रात्य पोरे एकत्र आणली की ती एकमेकांकडूनच शिकतात आणि एकमेकांना टाळ्या देतात, असा त्याचा अर्थ लावला गेला.

हेतू शुद्ध असेल तर कर्म शुद्ध, या समजुतीला इतका स्वच्छ धक्का क्वचितच कोणी दिला असेल. निष्काम कर्मयोगाच्या नावाखाली आपल्याकडे एक सोयीचा आळस चालतो: आपण मनापासून केले, फळ देवाच्या हाती. फळाची आसक्ती सोडणे आणि फळाकडे न पाहणे ही एकच गोष्ट आहे, असे गीता कुठे म्हणत नाही. कॅबटच्या समुपदेशकांवर कोणी स्वार्थाचा आरोप करू शकत नाही. ती माणसे चांगली होती. नुकसान झाले ते मुलांचे.

मग नेमके काय उपयोगी पडते? बोस्टनमध्ये याचे एक उत्तर एका ड्रग विक्रेत्याने दिले, असे रेव्हरंड युजीन रिव्हर्स सांगत आले आहेत. मुलगा सकाळी शाळेत निघतो तेव्हा नाक्यावर मी असतो, तू नसतोस. संध्याकाळी परततो तेव्हाही मी असतो, तू नसतोस. म्हणून तो माझा, अशा आशयाचे तो रिव्हर्सना बोलला. १९९२ मध्ये बोस्टनच्या मॅटापॅन भागातल्या मॉर्निंग स्टार चर्चमध्ये चालू अंत्यविधीत टोळीने घुसून एका मुलावर हल्ला केला, त्यानंतर कृष्णवर्णीय पाद्र्यांनी ‘टेन पॉइंट कोअलिशन’ स्थापन केली आणि ते रात्री रस्त्यावर उतरून मुलांशी बोलू लागले. सुरुवातीला पाद्री बहुतेक ऐकूनच घेत. पोलीस आणि पाद्री पुढे एकत्र कामाला लागले. १९९० मध्ये बोस्टनमध्ये १५२ खून झाले होते, १९९९ मध्ये ३१. श्रेय कोणाचे किती, यावर अभ्यासक अजून भांडतात, आणि पुढच्या दशकात आकडा पुन्हा चढला हेही खरे.

शिकागोत टोनी डिव्हिटोरिओ यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘बिकमिंग अ मॅन’ या शाळकरी मुलांच्या उपक्रमातला पहिला खेळ प्रसिद्ध आहे. दोघादोघांच्या जोड्या करायच्या. एकाच्या मुठीत चेंडू. दुसऱ्याने तीस सेकंदांत तो काढून घ्यायचा. लगेच झटापट सुरू होते, हात पिरगाळले जातात, कोणी जमिनीवर पडते. वेळ संपल्यावर मार्गदर्शक विचारतो, चेंडू दे असे कोणी सरळ मागितले का? मुले म्हणतात, मागितला असता तर त्याने मला बावळट समजले असते. मग तो मूठवाल्याला विचारतो. तो म्हणतो, दिला असता की, साधा चेंडू तर आहे.

इथे प्रवचन नाही. पोराला वाईट ठरवलेले नाही, चांगलेही ठरवलेले नाही. विचार करायच्या आत हात उठतो, तो एक क्षण लांबवायचा, इतकेच शिकवले जाते. शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत, उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका ४५ ते ५० टक्क्यांनी घटल्या. उपक्रम संपल्यावर अटकांवरचा परिणाम ओसरला. दोन्ही गोष्टी एकाच लेखात छापून आल्या, ही त्या संशोधकांची सचोटी.

लायबेरियाची राजधानी मनरोव्हिया इथे तर प्रश्न अधिक उघडा पडला. यादवी युद्धानंतर रस्त्यावर चोऱ्या-मारामाऱ्या करून जगणाऱ्या ९९९ तरुणांवर संशोधकांनी तिथल्या एका स्थानिक संस्थेमार्फत प्रयोग केला. काहींना आठ आठवडे समुपदेशन, काहींना २०० डॉलर रोख, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. समुपदेशक बरेचसे त्याच आयुष्यातून वर आलेले. त्यांनी मुलांना केस कापायला लावले, बरे कपडे घालून बँकेत आणि मोठ्या दुकानात पाठवले, आत शिरल्यावर कोणी हाकलते का ते पाहून या म्हणून सांगितले. नुसत्या पैशाचा परिणाम टिकला नाही, नुसते समुपदेशनही फिके पडत गेले. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांच्यात दहा वर्षांनंतरही फरक दिसत होता. संशोधकांचा अंदाज असा की, नवा माणूस होऊन वागण्याचा सराव करायला वेळ हवा होता, आणि तो वेळ त्या पैशाने विकत घेतला.

याचा तात्त्विक अर्थ फादर बॉईल यांना कदाचित आवडणार नाही. त्यांच्या मते मुलगा मुळात पूर्णच आहे. कोणी आरसा धरायचा अवकाश. मनरोव्हियाचा अनुभव म्हणतो, माणूस सरावाने घडतो, पूर्णपणा आतून उगवण्याची वाट पाहू नये. बौद्ध परंपरेतली अंगुलिमालाची कथा या दोहोंच्या मध्ये उभी आहे, म्हणून ती अजून जुनी झालेली नाही. बाबासाहेब आंबेडकरांनीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पतित आणि गुन्हेगारांच्या परिवर्तनाच्या भागात तिला जागा दिली. बुद्धाने त्या खुन्याला संघात घेतले, पात्रता न विचारता. राजा पसेनदी त्याला पकडायला निघालेला असतानाच घेतले. पण मूळ पाली सुत्तात कथा तिथे थांबत नाही. भिक्षू झालेला अंगुलिमाल भिक्षेला जातो तेव्हा लोक त्याच्यावर दगड टाकतात. रक्तबंबाळ होऊन तो परततो, आणि बुद्ध त्याला सोसायला सांगतो. दगड मारणाऱ्यांना तो बोल लावत नाही. संघाचे दार उघडले म्हणून गावाचे दुःख पुसले जात नाही, याची जाणीव त्या सुत्तात आहे.

होमबॉय इंडस्ट्रीजलाही ही जाणीव अनुभवातून आली. तिथे दार सर्वांना उघडे आहे असे म्हणतात, पण नशा सोडायची तयारी नसलेल्याला परत पाठवले जाते. तयार झालास की ये, म्हणून. २००४ मध्ये भिंतींवरची टोळ्यांची अक्षरे पुसणाऱ्या संस्थेच्या दोन कामगारांना थोड्या अंतराने गोळ्या घालून मारण्यात आले आणि ते कामच बंद करावे लागले. जुने वैर नव्या नोकरीला मानत नाही. २०१० मध्ये पैसे संपले आणि सुमारे ३०० जणांना कामावरून कमी करावे लागले, तेव्हा त्यांतले बरेच जण बिनपगारी येत राहिले. संस्थेच्या यशाचे हे जितके मोठे प्रमाण, तितकेच तिच्या मर्यादेचेही: यांना जायला दुसरी जागाच नव्हती.

आपल्याकडे पाहायचे तर, पुण्यात गेल्या काही वर्षांत ‘कोयता गँग’ हा शब्द रोजच्या बातम्यांत आला. गाड्या फोडणारी, हातात कोयता नाचवत रील बनवणारी यांतली बरीच पोरे अठराच्या आतली. २०१५ च्या बाल न्याय कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळाने आधी त्याची मानसिक-शारीरिक क्षमता आणि परिणाम समजण्याची कुवत तपासायची असते; त्यावरून खटला प्रौढासारखा चालवायचा का, हे ठरते. म्हणजे पात्रतेचा प्रश्न आता कायद्यातच बसला आहे, फक्त शिक्षेच्या पात्रतेचा.

दुसरी संधी आपण कोणालाच देत नाही, असे म्हणता येत नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला भरधाव पोर्शे मोटारीखाली दोन तरुण अभियंते मेले; गाडी चालवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला काही तासांत जामीन मिळाला आणि अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली गेली. लोक भडकले, ते योग्यच. पण त्या संतापात एक गोष्ट निसटली. मुलाला सुधारायची संधी द्यावी हे तत्त्व चुकीचे नव्हते. ते तत्त्व एका मुलासाठी काही तासांत धावत आले आणि जनता वसाहतीसारख्या झोपडपट्टीतल्या मुलासाठी वर्षानुवर्षे आले नाही, हे चुकीचे होते. थोरल्या भावाची तक्रार इथे उलटी होते: उधळ्यासाठी वासरू कापले जाते, पण कोणत्या उधळ्यासाठी, ते बापाची ऐपत ठरवते.

वस्तीतल्या पोराला मार्गदर्शक नसतो, हे म्हणणेही तितके खरे नाही. त्याला ‘भाई’ असतो. भाईला त्याचे नाव माहीत असते, आईचे दुखणे माहीत असते, पोलिसांनी उचलले तर जामिनाला कोण धावेल हे माहीत असते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात का होईना त्याचा फोटो छापतो. बोस्टनचा तो विक्रेता हेच सांगत होता. याच गल्ल्यांत तालमी आहेत, गणेश मंडळे आहेत, प्रत्येक घर ओळखणारी, दहा दिवस रात्रभर जागणारी आणि हजारो पोरांना शिस्तीत ढोल धरायला लावणारी. ढोलपथकात एकदा केस झालेल्या पोराला घ्यायचे का, असे मंडळाला विचारले, तर उत्तर ‘नको’ असे येण्याची शक्यता मोठी. कारणे पटण्यासारखी असतात: नाव खराब होईल, इतर पोरांचे आईबाप पोरे पाठवणार नाहीत, मिरवणुकीत काही झाले तर परवाना जाईल. घेतलेच, तर त्याच्यासारखी चौघे एका रांगेत उभी करायची नाहीत, हे तरी मॅक्कॉर्डबाईंच्या नोंदींवरून शिकता येईल.